जालना जिल्ह्यातील पारंपरिक फळवाण आणि बाजार नियमन : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : जालना मोसंबी)

सारांश :

जालना जिल्ह्याची फळबागांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. जिल्ह्यातील मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही बाजारात ही मोसंबी आपल्या नावाने क्वचितच विकली जाते. निझामी राजवटीतील बाजार कायद्यापासून २०१६ च्या नियमनमुक्तीपर्यंतच्या तरतुदींचा पारंपरिक फळवाणांच्या लागवडीवर व विक्रीवर काय परिणाम झाला, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेण्यात आला आहे. बाजार नियमनाने शेतकऱ्याला वजनाचे व पैशाचे संरक्षण दिले, मात्र वाणाच्या नावाची दखल घेतली नाही, हे या अभ्यासातील मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : जालना मोसंबी, गावरान आंबा, बाजार समिती, भौगोलिक मानांकन, हिशेबपट्टी, नियमनमुक्ती.

१. प्रस्तावना :

शेतमालाच्या बाजाराचा इतिहास बहुधा कापूस, धान्य, कांदा आणि ऊस या पिकांच्या आधारे लिहिला गेला आहे. फळांच्या बाजाराकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले. वास्तविक फळबाग हे दीर्घ मुदतीचे पीक आहे. ज्वारी किंवा कापसाचे वाण शेतकरी दरवर्षी बदलू शकतो. मोसंबीचे कलम लावल्यावर किफायतशीर उत्पन्न सुरू होण्यासाठी साधारणपणे पाच वर्षे वाट पाहावी लागते व पुढे बाग पंधरा ते वीस वर्षे सांभाळावी लागते. म्हणूनच कोणता वाण लावावा हा निर्णय शेतकरी एका हंगामाच्या भावावरून घेत नाही. बाजार आपल्या फळाला पुढील अनेक वर्षे कसे ओळखणार आहे, या अंदाजावर तो निर्णय अवलंबून असतो. बाजाराचे नियम हा या अंदाजाचा महत्त्वाचा भाग होय.

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) व परभणी या जिल्ह्यांतील भाग मिळून जालना जिल्हा अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, अंबड आणि घनसावंगी हे तालुके मोसंबीसाठी प्रसिद्ध आहेत. याच जालना शहरात १९६४ मध्ये 'महिको' ही बियाणे कंपनी स्थापन झाली आणि पुढे हे शहर बियाणे उद्योगाचे केंद्र म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. बियाण्याच्या प्रत्येक पिशवीवर वाणाचे नाव छापणे बंधनकारक असलेल्या या शहरात, बाजार समितीच्या आवारात येणाऱ्या फळाच्या वाणाचे नाव मात्र कोठेच नोंदले जात नाही. या विसंगतीची कारणे इतिहासात शोधावी लागतात.

२. निझामी राजवटीतील बागा आणि बाजार :

जालना हे हैदराबाद संस्थानातील महत्त्वाचे व्यापारी व लष्करी ठाणे होते. १८२७ पासून येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि ती १९०३ पर्यंत टिकली. कुंडलिका नदीच्या एका तीरावर जालना व दुसऱ्या तीरावर कादराबाद अशी ही जोडवस्ती होती. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'च्या अकराव्या आवृत्तीत जालन्याविषयी अगदी त्रोटक माहिती आहे. तीत येथील बागांमध्ये फळे पिकतात व ती मोठ्या प्रमाणावर बाहेर पाठविली जातात, असा स्पष्ट उल्लेख आढळतो. छावणीमुळे फळांना स्थानिक गिऱ्हाईक मिळाले असावे आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड–सिकंदराबाद हा लोहमार्ग झाल्यावर मुंबई व हैदराबाद या दोन्ही दिशांच्या बाजारपेठा जवळ आल्या.

या नोंदीत फळे कोणती व कोणत्या जातीची, याचा उल्लेख नाही, ही बाब लक्षणीय आहे. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने कापूस हे नोंद घेण्याजोगे पीक होते. बाजार नियमनाचा प्रारंभही कापसापासूनच झाला. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानुसार १८८६ मध्ये वऱ्हाडातील कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा करण्यात आला. गिरण्यांना स्वच्छ व योग्य वजनाचा कापूस मिळावा, ही या व्यवस्थेमागील मुख्य गरज होती. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला. त्यानंतर हैदराबाद संस्थानाने १३३९ फसली, म्हणजे इसवी सन १९३० मध्ये, आपला शेतमाल बाजार कायदा केला. जालना परिसराला लागू झालेला हा पहिला आधुनिक बाजार कायदा होय. त्याचाही भर कापूस, धान्य व तेलबियांवर होता. बागाईत फळे बागवान, दलाल आणि गिऱ्हाईक यांच्यातील तोंडी व्यवहारावरच राहिली.

या तोंडी व्यवहाराची एक बाजू शेतकऱ्याच्या तोट्याची होती. भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरत, वजनात सूट धरली जाई आणि पैसे केव्हा मिळतील याची शाश्वती नसे. त्याला दुसरीही बाजू होती. फळे शेकड्यावर मोजली जात. फळ हाताळून व चाखून घेतले जाई आणि कोणत्या बागेचे फळ आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक असे. वाणाची ओळख कागदावर नसली तरी माणसांच्या स्मरणात होती. नंतरच्या कायद्यांनी पहिल्या बाजूतील दोष दूर करण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या बाजूतील गुण कागदावर उतरविण्याचा विचार मात्र झाला नाही.

३. १९६३ चा कायदा : संरक्षण आणि मर्यादा :

१९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्या वेळी राज्याच्या वेगवेगळ्या विभागांत वेगवेगळे बाजार कायदे लागू होते. पश्चिम महाराष्ट्रात १९३९ चा मुंबई कायदा, विदर्भात मध्य प्रांताचे कायदे व मराठवाड्यात हैदराबादचा कायदा, अशी ही स्थिती होती. त्यांच्या जागी महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्री (नियमन) अधिनियम, १९६३ आला आणि १९६७ मध्ये त्याखालील नियम तयार झाले.

या कायद्याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. अधिसूचित शेतमालाचा व्यापार बाजार समितीच्या परवान्याशिवाय करण्यास कलम ६ अन्वये प्रतिबंध करण्यात आला. आडते, व्यापारी, मापाडी व हमाल यांना परवाने आवश्यक ठरले. उघड लिलाव, अधिकृत मापाड्याकडून वजन, अनधिकृत कपातीस मनाई आणि हिशेबपट्टी या गोष्टींमुळे शेतकऱ्याच्या हातात प्रथमच एक पुरावा आला. रुमालाखालच्या सौद्याच्या तुलनेत ही मोठी सुधारणा होती.

तथापि, हा कायदा कोणत्या प्रश्नांचे उत्तर देण्यासाठी केला गेला, हे पाहिले म्हणजे त्याची मर्यादाही स्पष्ट होते. माल कोठे विकला जावा, तो कोणी विकत घ्यावा, वजन कोणी करावे आणि पैसे केव्हा द्यावेत, हे या कायद्याचे प्रश्न होते. माल कोणत्या वाणाचा आहे, हा त्याचा प्रश्न नव्हता. कायद्याच्या अनुसूचीत आंबा, मोसंबी, संत्री, केळी अशी फळांची केवळ सामान्य नावे येतात. कापसाच्या बाबतीत धाग्याच्या लांबीवरून वाणाला किंमत देणारा गिरणी उद्योग होता, म्हणून कापसाच्या बाजारात वाण टिकून राहिला. फळांच्या बाबतीत तसा संघटित ग्राहक नव्हता.

प्रतवारीसाठी केंद्राचा १९३७ चा कृषी उत्पन्न (प्रतवारी व चिन्हांकन) कायदा होता आणि 'ॲगमार्क' हे त्याचे चिन्ह सर्वपरिचित आहे. परंतु फळांसाठी ही प्रतवारी ऐच्छिक राहिली. तिचे निकषही प्रामुख्याने आकार, रंग, पक्वता व डागविरहितता या स्वरूपाचे आहेत. मोठे, एकसारखे व निष्कलंक फळ वरच्या प्रतीत जाते. चव, सुगंध किंवा मूळ वाण यांना त्यात फारसे स्थान नाही. बाजारातील व्यवहारानेही हीच दृष्टी स्वीकारली. राज्य कृषी पणन मंडळाच्या (स्थापना १९८४) दैनंदिन बाजारभावाच्या तक्त्यांमध्ये 'जात/प्रत' असा रकाना असतो. फळांच्या बाबतीत त्या रकान्यात अनेकदा 'लोकल' हा एकच शब्द किंवा नुसती रेघ आढळते. वाण नोंदवण्याची जागा कागदावर आहे, पण ती भरण्याची सक्ती कोणावरही नाही.

४. कलमाला नाव, फळाला नाही :

फळझाडांच्या रोपवाटिकांबाबत राज्याची भूमिका वेगळी दिसते. फळरोपवाटिका व कलमांची विक्री यांच्या नियमनासाठी महाराष्ट्रात १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला. रोपवाटिकेला परवाना घ्यावा लागतो आणि खुंट व डोळा कोठून आणला याची नोंद ठेवावी लागते. मोसंबीच्या बाबतीत या नोंदीला विशेष महत्त्व आहे. मोसंबीची अभिवृद्धी डोळा भरून केली जाते. खुंट जंबेरीचा आहे की रंगपूर लिंबाचा, यावर डिंक्या रोगाला बाग किती तोंड देऊ शकेल हे बऱ्याच अंशी ठरते. डोळा चुकीच्या झाडाचा निघाला तर त्याचा दोष पाच वर्षांनी, फळ आल्यावरच लक्षात येतो. त्यामुळे शेतकरी वाण विचारतो आणि कायदाही वाणाची नोंद मागतो.

१९९० मध्ये राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केली आणि मराठवाड्यासह राज्यभर फळबागांचे क्षेत्र वेगाने वाढले. अनुदानामुळे लहान शेतकऱ्यालाही बाग लावणे शक्य झाले. या योजनेत मान्यताप्राप्त रोपवाटिकेतील कलमांवर भर होता. परिणामी न्यूसेलर मोसंबी, केशर आंबा यांसारख्या निश्चित नावाच्या कलमांचा प्रसार झाला. मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या (आताचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी) छत्रपती संभाजीनगर येथील हिमायतबाग फळ संशोधन केंद्राने आणि बदनापूर येथील मोसंबी संशोधन केंद्राने या पिकांबाबत शेतकऱ्यांना मार्गदर्शन केले. खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राचेही या कामी योगदान आहे.

अशा रीतीने वाणाचे नाव रोपवाटिकेपासून बागेपर्यंत पोहोचते. तोडणी होऊन फळ वाहनात भरले गेले की ते नाव मागे राहते. लागवडीच्या टप्प्यावर कायद्याला महत्त्वाची वाटणारी माहिती विक्रीच्या टप्प्यावर अनावश्यक ठरते. परिणामी एखाद्या शेतकऱ्याने चांगल्या मातृवृक्षावरून डोळे घेऊन बाग जोपासली, तरी त्या कष्टाची किंमत बाजारात वेगळी मिळत नाही.

५. मोसंबीच्या विक्रीची पद्धत :

मोसंबी हे नाव आफ्रिकेतील मोझांबिकशी जोडले जाते. गोड संत्र्याच्या कुळातील हे फळ मूळचे मराठवाड्याचे नाही. तथापि, फळाचा वारसा केवळ त्याच्या उगमावर ठरत नाही. सालीवरील उभ्या रेषा, शेंड्याकडील नाण्याएवढे वलय आणि कमी आंबटपणा ही मोसंबीची सर्वसामान्य लक्षणे आहेत. मराठवाड्यातील शेतकऱ्यांनी या फळाभोवती पाण्याच्या नियोजनाचे स्वतःचे शास्त्र उभे केले. झाडाला पाण्याचा ताण देऊन आंबिया किंवा मृग बहर धरणे हे त्यातील मुख्य कौशल्य होय. विहिरीत पाणी किती राहील याचा अंदाज घेऊन कोणता बहर धरायचा, हे शेतकरी ठरवतो. आंबिया बहराची फळे पावसाळ्याच्या अखेरीपासून, तर मृग बहराची फळे उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात येतात. जमीन, हवामान व ही लागवड पद्धती मिळून जालना मोसंबीचा वारसा सिद्ध होतो.

या फळाच्या विक्रीचे प्रामुख्याने दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग बाग उक्ती देण्याचा आहे. फळे झाडावर असतानाच व्यापारी बाग पाहतो, सौदा ठरवतो, इसार देतो आणि तोडणी स्वतः करतो. तोडणीचा, वाहतुकीचा व भाव पडण्याचा धोका शेतकऱ्यावर राहत नाही, म्हणून पैशाची निकड असलेल्या शेतकऱ्याला हा मार्ग सोयीचा वाटतो. सौदा तोंडी असेल तर फळगळ किंवा भावातील घसरणीचे कारण सांगून ठरलेली रक्कम कमी केली जाण्याची शक्यता असते. दुसरा मार्ग बाजार समितीतील लिलावाचा आहे. जालना येथील आणि शेजारच्या पैठण तालुक्यातील पाचोड येथील मोसंबी बाजारात माल टनाच्या भावाने विकला जातो आणि व्यापारी तो दिल्लीसह उत्तर भारतातील शहरांकडे पाठवतात.

दोन्ही मार्गांत भाव ठरताना आकार, सालीचा रंग आणि रस यांचा विचार होतो. बहुतांश मोसंबी शेवटी रसवंतीत जाते. पेल्यातील रस पिणारा ग्राहक फळ पाहतही नाही. मग त्याने गावाचे किंवा वाणाचे नाव विचारावे, ही अपेक्षा कशी करता येईल? ज्या फळाचा अंतिम ग्राहक फळ हातात घेत नाही, त्याचे नाव टिकवणे हे इतर फळांपेक्षा अवघड काम आहे. बाजाराचे नियम बदलले तरी ही अडचण राहणारच, हे मान्य केले पाहिजे.

यात दुष्काळाची भर पडली. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. अनेक बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांना त्यांवर कुऱ्हाड चालवावी लागली. काहींनी टँकरने पाणी विकत घेऊन झाडे जगवली. जुनी बाग जगवण्याचा खर्च करावा की ती तोडून हंगामी पीक घ्यावे, हा निर्णय घेताना फळाला मिळणाऱ्या वेगळ्या भावाचा आधार शेतकऱ्याजवळ नव्हता. बाजारात सर्व मोसंबी एकच असेल, तर जुन्या व जातिवंत झाडासाठी कर्ज काढणे व्यवहारात बसत नाही. वाणाच्या नावाचा प्रश्न अशा वेळी शेतकऱ्याच्या जगण्याशी येऊन भिडतो.

६. गावरान आंब्याची स्थिती :

मोसंबीला निदान एक निश्चित नाव आहे. गावरान आंब्याची स्थिती याहून बिकट आहे. कोयीपासून वाढलेले आंब्याचे झाड आईसारखे निघेलच असे नसते, त्यामुळे बांधावरील प्रत्येक झाड स्वतंत्र गुणांचे असते. लोकांनी या झाडांना शेपू, खोबरी, गोटी, साखरी, शेंद्री अशी चव, वास, आकार व रंग यांवरून नावे दिली. एका झाडाचे फळ लोणच्याचे, दुसऱ्याचे रसाचे, तिसऱ्याचे चोखून खाण्याचे, अशी गावाला माहिती असे.

एका झाडाच्या काही पाट्या फळांना घाऊक बाजारात स्वतंत्र ओळख मिळू शकत नाही. लिलावासाठी एकसारख्या मालाचा ढीग लागतो. वेगवेगळ्या झाडांची फळे एकत्र केली की ती सर्व 'गावरान' या एका शब्दात जमा होतात. फळबाग योजनांतून केशर आंब्याची कलमे आल्यावर एकसारखा माल देणारी बाग अधिक किफायतशीर ठरली. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंब्याचा समावेश आहे, म्हणजे झाड तोडण्यासाठी परवानगी लागते. त्या झाडाच्या फळाला बाजारात नाव मिळावे अशी तरतूद मात्र कोठेही नाही. लाकडाला असलेले संरक्षण फळापर्यंत पोहोचलेले नाही.

७. सुधारणांचे पर्व आणि भौगोलिक मानांकन :

केंद्राच्या २००३ च्या नमुना कायद्यानंतर महाराष्ट्राने २००६ मध्ये आपल्या बाजार कायद्यात दुरुस्ती केली. खाजगी बाजार, थेट पणन, शेतकरी-ग्राहक बाजार आणि करार शेती यांना त्यामुळे वाट मिळाली. जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त करण्यात आला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. केंद्राने २०२० मध्ये केलेले कृषी कायदे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये स्थगित केले व त्याच वर्षाअखेर ते रद्द झाले. महाराष्ट्रात फळांच्या बाबतीत आवाराबाहेरचा व्यापार त्यापूर्वीच मोकळा झालेला होता.

नियमनमुक्तीमुळे शेतकरी आपले फळ नावानिशी थेट ग्राहकाला विकू शकतो, ही मोठी संधी आहे. शहरांतील शेतकरी आठवडी बाजार आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांचा तिला आधार मिळतो. परंतु बागेतील उक्ता सौदाही त्याच मुक्तीत आला. आवाराबाहेरील व्यवहारात वजन कमी भरले किंवा पैसे बुडाले, तर बाजार समितीकडे दाद मागण्याचा मार्ग अरुंद झाला. जुन्या नियमनाने संरक्षण दिले पण नाव दिले नाही. नव्या मोकळिकीने नाव वापरण्याची मुभा दिली, परंतु संरक्षण शेतकऱ्याच्या स्वतःच्या संघटनशक्तीवर सोपवले.

याच काळात दुसरी एक कायदेव्यवस्था आकाराला आली. वस्तूंचे भौगोलिक निर्देशन (नोंदणी व संरक्षण) अधिनियम, १९९९ हा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. जालना मोसंबी, मराठवाडा केशर आंबा आणि बीडचे सीताफळ यांना २०१६ मध्ये हे मानांकन मिळाले. जिल्ह्याच्या इतिहासात प्रथमच येथील फळाच्या नावाला कायद्याने मान्यता दिली. नियमनमुक्ती आणि मानांकन एकाच वर्षी यावेत, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

मानांकनाचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक आहे. मानांकन वाणाला मिळत नाही, ते स्थानाशी निगडित गुणांना मिळते. केशर आंब्याचे उदाहरण बोलके आहे. केशर हा वाण जुनागढचा. गुजरातच्या 'गीर केशर'ला २०११ मध्ये आणि 'मराठवाडा केशर'ला २०१६ मध्ये, अशी एकाच वाणाला दोन प्रदेशांची दोन मानांकने आहेत. दुसरे असे की मानांकन मिळाले म्हणून जिल्ह्यातील प्रत्येक शेतकऱ्याला ते चिन्ह आपोआप वापरता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते आणि मानांकनाचेही दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. मानांकनाचा कायदा आणि बाजार समितीचा कायदा यांना जोडणारा दुवा नाही. नोंदणीकृत वापरकर्त्याची मोसंबी आणि अन्य कोणाचीही मोसंबी लिलावात एकाच भावाच्या ओळीत बसते.

गावरान वाणांसाठी वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ उपयुक्त ठरू शकतो. शेतकऱ्यांनी जोपासलेल्या वाणाची नोंदणी या कायद्याखाली करता येते. परंतु वाण वेगळा, एकसारखा व स्थिर असला पाहिजे ही अट आहे. एकुलत्या एका झाडाचे डोळे घेऊन कलमे केल्याशिवाय ती पूर्ण होत नाही.

८. तुलनात्मक दृष्टिक्षेप :

जालन्याच्या अनुभवाची कोकणातील हापूसशी तुलना उद्बोधक ठरते. हापूसला मानांकन २०१८ मध्ये मिळाले, परंतु त्याचे नाव बाजारात त्यापूर्वी कित्येक पिढ्या रुजलेले होते. हापूस पेटीत व डझनावर विकला जातो आणि ग्राहक तो हातात घेऊन, वास घेऊन विकत घेतो. मुंबईचा घाऊक फळबाजार १९९६ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमधून वाशीला गेला, तरी ही पद्धत टिकून राहिली. नाव मोठे असल्यामुळे अन्य राज्यांतील आंबा हापूस म्हणून विकला जाण्याच्या तक्रारीही होत राहिल्या. देवगड येथील उत्पादकांच्या सहकारी संस्थेने त्यावर उपाय म्हणून फळावर स्वतंत्र क्रमांकाचे चिन्ह लावण्याचा मार्ग २०२५ च्या हंगामात अवलंबिला. नावाचे रक्षण कायद्याच्या जोडीने उत्पादकांच्या संघटनेलाही करावे लागते, हे यावरून दिसते.

युरोपातील अनुभव वेगळा धडा देतो. युरोपीय संघाने फळे-भाज्यांचा आकार व रूप यांविषयी केलेले काटेकोर नियम दीर्घकाळ टीकेचा विषय होते. जुन्या वाणांची ओबडधोबड फळे या नियमांमुळे बाजाराबाहेर पडतात, असा आक्षेप घेतला जाई. १ जुलै २००९ पासून २६ फळे-भाज्यांसाठीचे विशेष नियम रद्द झाले. सफरचंद, लिंबूवर्गीय फळे, द्राक्षे आदी दहा पिकांसाठी ते कायम राहिले. त्या नियमांत संत्र्याच्या खोक्यावर वाणाचे नाव लिहिणे आवश्यक आहे. युरोपात रूपाच्या अटी जाचक ठरल्या, पण वाणाचे नाव ग्राहकापर्यंत पोहोचले. महाराष्ट्रात रूपाची सक्ती नाही आणि नावाचीही नाही. नावाची नोंद मागणारा पण रूपाबद्दल उदार असणारा नियम पारंपरिक वाणांना सर्वाधिक अनुकूल ठरेल, असा निष्कर्ष या तुलनेतून निघतो.

९. निष्कर्ष व समारोप :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, जालना परिसराला लागू झालेल्या बाजार कायद्यांची जडणघडण कापूस व धान्य या पिकांच्या गरजांतून झाली आणि फळे नंतर त्या चौकटीत बसवली गेली. दुसरी, या कायद्यांनी वजन, लिलाव व हिशेब यांत शिस्त आणली व ती शेतकऱ्याच्या हिताची होती. म्हणून पारंपरिक वाणांच्या ऱ्हासाचा दोष केवळ नियमनाला देणे इतिहासाला धरून होणार नाही. पाण्याची टंचाई, रसासाठीची मागणी आणि एकसारख्या मालाची ओढ ही कारणेही तितकीच बलवत्तर आहेत. तिसरी, रोपवाटिकेचा कायदा व मानांकनाचा कायदा नाव ओळखतात, मात्र त्या दोहोंच्या मध्ये असलेला बाजार ते ओळखत नाही.

या स्थितीत बदल घडवण्यासाठी मोठ्या नव्या कायद्याची आवश्यकता नाही. हिशेबपट्टीवर वाणाचा आणि मानांकनाच्या अधिकृत वापरकर्ता क्रमांकाचा रकाना असावा. बाजारभावाच्या तक्त्यातील 'जात/प्रत' हा रकाना प्रत्यक्षात भरला जावा. मानांकित मालाचा लिलाव आवारातच वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या ओट्यावर व्हावा. आवाराबाहेरील उक्त्या सौद्यासाठी साधा लेखी करारनामा प्रचारात यावा. गावरान आंब्याच्या निवडक झाडांची नोंद ग्रामपंचायत व कृषी विज्ञान केंद्र यांनी मिळून करावी आणि त्यांची कलमे परवानाधारक रोपवाटिकांमधून उपलब्ध व्हावीत. यामुळे लगेच भाव वाढेल असे नव्हे. तथापि, नावाची नोंद सुरू झाल्याशिवाय त्या नावाला अधिक भाव मिळतो की नाही, हे कधीच कळणार नाही.

शंभर वर्षांपूर्वीच्या ज्ञानकोशाने जालन्याच्या बागांची दखल घेतली, पण फळांची नावे लिहिली नाहीत. आजची हिशेबपट्टी वजन, दर व कपात अचूक सांगते, पण वाणाचे नाव तिच्यावर येत नाही. शेतकऱ्याने दुष्काळात टँकरच्या पाण्यावर जगवलेल्या झाडाचे फळ त्याच्या नावाने नोंदले जावे, एवढी अपेक्षा बाजार व्यवस्थेकडून करणे वाजवी ठरते. ती पूर्ण झाली तर पुढची बाग लावताना जुना वाण निवडण्यास शेतकऱ्याला एक व्यवहार्य कारण मिळेल.